कॉम्प्युटरचे पंखे साफ करताना: आधी काय, नंतर काय

पंखा पुसून चकचकीत झाला, तरी मशीन तापायचं थांबत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी पंख्याची पाती साफ केलेली असतात आणि पंख्यामागची हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) तशीच ठेवलेली असते. पाती डोळ्यांना दिसतात म्हणून हात तिकडेच जातो. खरा अडथळा मात्र पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये बसलेला असतो आणि पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. दुसरी चूक म्हणजे कॅबिनेटचं झाकण काढलं की थेट ब्लोअर सुरू करणं. त्याने अर्धी धूळ बाहेर पडते आणि उरलेली रॅमच्या खाचेत, ग्राफिक्स कार्डखाली आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पोटात जाऊन बसते.

म्हणून खालचा क्रम जसा दिलाय तसाच पाळा. घरच्या कॉम्प्युटरला निवांत दीड-दोन तास लागतात. संध्याकाळी सातला सुरू करून नऊच्या मीटिंगला बसायचं, असा बेत करू नका.

१. उघडण्याआधी तापमान लिहून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मग सफाईनंतर फरक पडला की नाही, हे नुसत्या अंदाजावर राहतं.

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी एक प्रोग्रॅम टाका. मशीन सुरू करून दहा मिनिटं काहीच न करता राहू द्या आणि प्रोसेसरचं तापमान लिहा. मग नेहमीचं जड काम लावा: व्हिडिओ एडिटिंग, कॅडचं ड्रॉइंग, गेम, जे तुम्ही खरोखर करता ते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तापमान लिहा. सोबत वेळ आणि पंखा, एसी चालू होता का, हेही लिहा. एप्रिलच्या दुपारचं आपल्याकडचं ऊन आणि डिसेंबरची पहाट यांतला फरक थेट आकड्यात उतरतो. सफाईनंतरची तपासणी म्हणून त्याच सुमारास करायची.

साध्या डेस्कटॉपमध्ये रिकाम्या वेळी ३५ ते ५० अंश आणि कामाच्या भारात ७० ते ८० अंश सेल्सियस ठीक आहे. ९० च्या वर सतत जात असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन ‘स्लो’ झालं म्हणून विंडोज पुन्हा टाकून घेणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

आता एक छोटी चाचणी. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच जड काम पुन्हा लावा, आत हात घालू नका. झाकण काढल्यावर तापमान ८-१० अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा नीट खेळत नाही: जाळ्या तुंबल्यात किंवा एखादा पंखा बंद आहे. काहीच उतरलं नाही, तर दोष हीटसिंकमध्ये किंवा थर्मल पेस्टमध्ये (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) शोधा. पुढे कुठे जास्त वेळ द्यायचा, ते इथेच कळतं.

आवाजही ऐका. सुरू करताना किरकिर आणि थोड्या वेळाने शांत, म्हणजे पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. एका लयीत टकटक, म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय. नुसतं घोंघावणं म्हणजे पंखा धडधाकट आहे, उष्णता निघत नाही म्हणून जोरात पळतोय.

२. आपल्याकडची धूळ ओळखा

झाकण उघडलं की ब्रश लावण्याआधी टॉर्च मारून नीट बघा. कोल्हापूर आणि आसपासची धूळ सगळीकडे सारखी नाही, आणि उपायही सारखा नाही.

शहरात, रस्त्यालगतच्या घरात करडी, कोरडी धूळ असते. ती सगळ्यात सोपी.

ऊसपट्ट्यात, गुऱ्हाळाजवळ किंवा कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला गाळप हंगामात काजळी येते. फडात पाचट पेटवलं की काळे तुकडे गच्चीवर पडतात, तेच खिडकीतून आत येतात. ही काजळी बोटाने पुसली तर पसरते. कोरड्या ब्रशने अलगद झटकायची, ओलं फडकं अजिबात लावायचं नाही.

इचलकरंजीत मागाजवळच्या ऑफिसमध्ये कापसाचे तंतू असतात. अशा एका मशीनचा पंखा काढल्यावर हीटसिंकवर जुन्या गोधडीच्या अस्तरासारखा सलग थर निघाला होता. चिमट्याने एक टोक धरलं आणि अख्खा थर एका तुकड्यात उचलला गेला. खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या नव्यासारख्या होत्या, कारण तिथपर्यंत हवा पोचतच नव्हती. असा थर ब्लोअरने उडवायचा नाही, चिमट्याने उचलायचा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फौंड्रीची धूळ सगळ्यात वाईट. काळी, बारीक, आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. पंख्याच्या मधल्या गोल भागात चुंबक असतं, त्याला हे कण चिकटून बसतात. शिवाय लोखंड वीजवाहक. ब्लोअरने हे कण मदरबोर्डवर पसरले तर शॉर्ट व्हायची भीती राहते. इथे ब्रशने झाडायचं आणि कण खाली पडू द्यायचे, त्यासाठी कॅबिनेट उभंच ठेवायचं.

मशीन स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीचा तेलकट थर धुळीला धरून ठेवतो. तो ब्रशने निघत नाही. त्याचा उपाय पाचव्या टप्प्यात आहे.

३. साहित्य

- एक इंची मऊ रंगाचा ब्रश, नवा. भिंतीला वापरलेला नको, सुकलेल्या रंगाच्या खपल्या आत पडतात.
- मऊ दातांचा टूथब्रश.
- चुंबकीय टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर.
- प्लॅस्टिकचा चिमटा.
- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा.
- सुती, तंतू न सुटणारं फडकं आणि कानाच्या काड्या.
- थर्मल पेस्टची छोटी ट्यूब. हीटसिंक काढायचा विचार नसला तरी हाताशी असू द्या.
- हाताने दाबायचा रबरी ब्लोअर किंवा वेग कमी-जास्त करता येणारा इलेक्ट्रिक ब्लोअर.
- शिलाई मशीनचं तेल, बेअरिंगचा आवाज येत असेल तरच.
- मोबाईल, फोटो काढायला.

आता काय वापरायचं नाही. घरात उरलेलं हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल, रॉकेल नको, प्लॅस्टिक मऊ पडतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

सावधान: कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा किंवा पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका. एमआयडीसीत हे सर्रास चालतं. त्या लाइनला ६-७ बार दाब असतो आणि हवेबरोबर पाणी आणि तेलाचा फवारा येतो. तो वाळला की धूळ पहिल्यापेक्षा घट्ट धरतो.

४. वीज तोडणं आणि फोटो

विंडोज शट डाउन करा. एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा. भिंतीतला प्लग काढा. मग मॉनिटर, कीबोर्ड, नेटची केबल, सगळं सोडवा. यूपीएस असेल तर त्याच्या प्लगमधूनही केबल काढा; भिंतीचा स्विच बंद असला तरी यूपीएस वीज देत राहतो, हे विसरलं जातं.

आता कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. क्षणभर एखादा पंखा हलल्यासारखा वाटला तर घाबरू नका, तीच वीज आहे.

मशीन गॅलरीत किंवा गच्चीच्या दारात, सावलीत, टेबलावर घ्या. सतरंजीवर किंवा गालिच्यावर नको. आत हात घालण्याआधी अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि मधूनमधून लावत राहा. हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा तर नक्कीच.

मग फोटो. प्रत्येक पंख्याची वायर मदरबोर्डवर कुठे लावलीय, तिथे काय लिहिलंय आणि पंखा कुठल्या तोंडाने बसवलाय, हे सगळं फोटोत दिसलं पाहिजे. ‘लक्षात राहील’ म्हणणारे जोडताना अडतात.

तपासा: एसएमपीएसची केबल खरोखर हातात सुटी आहे का? मदरबोर्डवरचा दिवा विझलाय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. पंखे: धरा, मग साफ करा

क्रम वरून खाली. आधी छताचे पंखे, मग मागचा, मग प्रोसेसरचा, मग ग्राफिक्स कार्डाचे, शेवटी समोरचे. खालून सुरुवात केली तर साफ केलेल्यावर पुन्हा धूळ पडते.

प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि मगच ब्रश किंवा हवा लावायची. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. हवेच्या झोतात पंखा भिरभिरताना बघायला छान वाटतं, पण तो त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो. बेअरिंग झिजतं, पाती तडकतात. शिवाय फिरणारी मोटर स्वतः वीज तयार करते आणि ती वायरीतून मदरबोर्डकडे जाऊ शकते.

पात्याच्या दोन्ही बाजू ब्रशने झाडा. पात्याची पुढची कड, म्हणजे जिने हवा कापली जाते ती, तिथे थर सगळ्यात जाड असतो. तिथे टूथब्रश वापरा. फोडणीचा तेलकट थर असेल तर फडक्याच्या टोकाला आयपीए लावून एकेक पातं पुसा. आयपीए पात्यावर ओतू नका, मधल्या बेअरिंगकडे ओघळू देऊ नका. तिथलं वंगण धुऊन जाईल.

इलेक्ट्रिक ब्लोअर वापरायचाच असेल तर ब्रशनंतर, कमी वेगावर, किमान एक फूट लांबून आणि आतून बाहेरच्या दिशेने. समोरच्या जाळीतून आत हवा मारली की सगळी धूळ मशीनच्या पोटात जाते. समोरची आणि तळाची जाळी निघणारी असेल तर काढून नळाखाली धुवा. पूर्ण वाळायला मात्र हवी. पावसाळ्यात चोवीस तासही पुरत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये ती कोरडीच झाडलेली बरी.

एसएमपीएस: त्याचं झाकण कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ ती राहू शकते. बाहेरच्या जाळीवर ब्रश फिरवा, लांबून थोडी थोडी हवा मारा, जाळीतून काडी, सुई काहीही आत घालू नका. त्याचा पंखा वाजत असेल तर तंत्रज्ञाकडे द्या किंवा एसएमपीएस बदला.

६. हीटसिंक, म्हणजे खरं काम

मोठ्या कूलरमध्ये (हीटसिंक आणि तिचा पंखा मिळून कूलर) पंखा हीटसिंकवर तारेच्या क्लिपने किंवा चार स्क्रूंनी लावलेला असतो. आधी पंख्याची वायर मदरबोर्डवरून काढा: प्लॅस्टिकचा कनेक्टर धरून, वायर ओढून नाही. मग पंखा सोडवा. आता पट्ट्यांमधला थर दिसेल. आधी चिमट्याने उचला, उरलेलं ब्रशने पट्ट्यांच्या लांबीला समांतर झाडा. आडवा ब्रश मारला की पातळ पट्ट्या वाकतात आणि वाकलेल्या पट्टीतून हवा जात नाही. शेवटी रबरी ब्लोअर.

टॉर्च एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावा. उजेड सगळ्या फटींतून आरपार आला पाहिजे. जिथे अंधार आहे तिथे अजून धूळ आहे.

पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत दोष थेट हीटसिंककडे दिसला नसेल आणि पंखा सुटा करून थर निघाला असेल, तर इथेच थांबा. हीटसिंक प्रोसेसरवरून उचलू नका. उचलली की जुनी पेस्ट तुटते आणि नवी लावावीच लागते. जुन्याच पेस्टवर परत दाबून बसवली तर तापमान पूर्वीपेक्षा वाढतं.

उचलायची असेलच, तर प्रकार बघून:

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. बसवताना आधी खुंट्या बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या दोन-दोन ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. चारपैकी एक खुंटी वर राहणं ही फार नेहमीची चूक आहे. कूलर हलवून बघा, जरासुद्धा डुलता कामा नये.

एएमडीच्या एएम४ सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला, दुसरा धोका. सुकलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. म्हणून काढण्याआधी पंखा परत लावून मशीन दहा मिनिटं जड कामावर चालवून पेस्ट गरम करा, चौथा टप्पा पुन्हा करून वीज तोडा, मग कूलर सरळ वर न ओढता थोडा डावी-उजवीकडे फिरवून अलगद सोडवा.

जुनी पेस्ट आयपीए लावलेल्या फडक्याने दोन्हीकडची पूर्ण पुसा. प्रोसेसरच्या मधोमध ४-५ मिलिमीटर व्यासाचा एकच थेंब ठेवा. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, हा समज खोटा आहे. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरणं एवढंच. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रूवाला कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे, प्रत्येकी दोन-दोन फेरे.

७. तेल: हवं तरच

आवाज नसेल तर हा टप्पा सोडून द्या. बॉल बेअरिंगचे आणि बंद बेअरिंगचे पंखे तेलासाठी बनवलेलेच नसतात. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याच्या मागचा स्टिकर अर्धा सोलला की मध्ये रबरी बूच किंवा भोक दिसतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन मिनिटं पंखा हाताने फिरवा, सांडलेलं तेल पुसा, स्टिकर परत चिकटवा. तेलकट झाला तर स्टिकर चिकटत नाही, म्हणून आधी पुसणं महत्त्वाचं.

खोबरेल तेल घालू नका. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि आपल्याकडच्या हिवाळ्यात सकाळी पंखा फिरतच नाही. गंज काढायचा स्प्रेही नको, तो असलेलं वंगण धुतो आणि काही दिवसांत आवाज दुप्पट होतो.

तेल घालून महिन्याभरात पुन्हा किरकिर सुरू झाली तर पंखा बदला. दुकानात जाताना जुना पंखा सोबत न्या: मिलिमीटरमधला आकार, तीन पिनांचा की चार पिनांचा, आणि जाडी. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड नीट सांभाळतो, प्रोसेसरसाठी तोच घ्या.

८. परत जोडणं

पंख्याची दिशा इथे चुकते. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि छताचे बाहेर टाकणारे. काही पंख्यांच्या कडेला बाण कोरलेले असतात, ते बघा.

प्रोसेसरच्या पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. दुसरीकडे लावली तर बऱ्याच मदरबोर्डवर सुरू करताना पंख्याची चूक दाखवून मशीन अडतं, किंवा वेग चुकीच्या तापमानावरून ठरतो. उरलेल्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा, पात्यांपासून लांब.

झाकण न लावता एकदा सुरू करा. सगळे पंखे फिरतात का, ते डोळ्यांनी बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्यांचा वेग आणि तापमान बघा. मगच झाकण.

तपासा: पहिल्या टप्प्यातलीच चाचणी, त्याच सुमारास, त्याच कामावर. भारातलं तापमान ५ ते १५ अंशांनी उतरलं तर काम झालं. तापमान उलट वाढलं तर कूलर नीट बसलेला नाही. मशीन चालवत राहू नका, बंद करून सहावा टप्पा पुन्हा बघा.

९. लॅपटॉप असेल तर

वॉरंटी असेल तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपली असेल तरी बाहेरच्या झरोक्यातून ब्लोअर मारू नका. लॅपटॉपमध्ये धुळीची पट्टी पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या मध्ये असते. बाहेरून हवा मारली की ती पट्टी मोडून पंख्यात शिरते आणि पाती अडकतात.

तळाचं झाकण काढताना स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावत जा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर थेट मदरबोर्डला भिडतो. आत पोचल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, बाकी सगळं नंतर. फक्त पंख्याचे स्क्रू काढा, पंखा उचला, धुळीची पट्टी चिमट्याने काढा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा आकडे असतात. काढायचीच असेल तर उतरत्या क्रमाने सैल करा आणि चढत्या क्रमाने आवळा.

१०. पुन्हा कधी

घरच्या मशीनला वर्षातून दोनदा: पावसाळा संपल्यावर दसऱ्याच्या आधी, आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलात. फौंड्री, यंत्रमाग, पीठगिरणी यांच्या शेजारच्या ऑफिसात दर दोन महिन्यांनी जाळ्या झाडा आणि दर चार महिन्यांनी पूर्ण सफाई करा. भर जुलैत, धूळ ओलसर असताना उघडू नका. ती पात्यांना लगद्यासारखी चिकटून पसरते.

खंडेनवमीला मशीनची पूजा करताना हळद-कुंकू आणि अक्षता समोरच्या जाळीवर किंवा छतावर वाहू नका, जाळीतून ते आत जातं. कुंकवाचं बोट बाजूच्या पत्र्याला लावा, फूल टेबलावर ठेवा आणि उदबत्ती हवा आत घेणाऱ्या बाजूपासून लांब, खिडकीकडे लावा.